कवायत पुष्कळ झाली, पंचनामा कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या दिवसांत ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून नवी मुंबईच्या पाम बीच मार्गापर्यंत महाविद्यालयांचे जे फलक लागतात, त्यांत अलीकडे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेच्या शिक्षणाचे फलकही दिसू लागले आहेत आणि त्याखाली ‘प्रत्यक्ष पोलीस प्रशिक्षणासह’ असे आवर्जून लिहिलेले असते. माझी नात नवी मुंबईतील एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनेही यंदा असाच एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतला. तिने घरी आणलेल्या माहितीपत्रकावर मुले-मुली दोरावरून उतरताना, पडद्यावरच्या लक्ष्यावर नकली पिस्तूल रोखताना आणि पिवळी फीत बांधलेल्या जागेशेजारी गंभीर चेहऱ्याने उभी असलेली दिसतात. फितीवरची अक्षरे इंग्रजी आहेत. ती तपासापेक्षा दूरचित्रवाणीवरूनच आली असावी. असे अभ्यासक्रम सुरू होत आहेत याचा मला आनंदच आहे. मात्र त्यांतील ‘प्रत्यक्ष’ या शब्दात काय मोडते आणि काय मोडत नाही, याविषयी अनुभवाने काही सांगण्याजोगे माझ्याजवळ आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी पोलीस नाही आणि वकीलही नाही. सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागलो आणि त्याच टेबलांच्या रांगेत निवृत्त झालो. १९९८ साली लाचेच्या एका सापळ्यात मला पंच क्रमांक एक म्हणून नेण्यात आले. अशा कामाला सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आहे आणि पंच क्रमांक एकने तक्रारदाराच्या सोबत राहून सगळे पाहायचे व ऐकायचे असते. सकाळी आम्हांला नोटांना अँथ्रासीन पावडर लावून दाखवली. साध्या उजेडात काही दिसत नव्हते. अल्ट्राव्हायोलेट दिवा धरताच नोटा निळसर चमकल्या. दुपारी मी तक्रारदारासोबत त्या अधिकाऱ्याच्या टेबलाशी उभा होतो. त्याने मान वर न करता ‘आणलंय?’ एवढेच विचारले आणि समोरची फाईल किंचित उचलली. तक्रारदाराने नोटा तिच्याखाली सरकवल्या. ठरलेला इशारा झाला, माणसे आत आली, दिवा धरला आणि त्याची बोटे चमकली. पंचनामा लिहून होईपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पोटात अन्न नव्हते आणि शेवटची गाडी गाठायची होती. मी प्रत्येक पानावर सही केली, वाचले मात्र एकच पान.

साक्षीचे समन्स आले ते आठ वर्षांनी. पंचनाम्यात वाक्य होते, ‘सदर लोकसेवकाने तक्रारदाराकडे लाचेच्या रकमेची स्पष्ट मागणी करून ती स्वीकारली.’ बचाव पक्षाच्या वकिलांनी अत्यंत सौजन्याने विचारले, मागणी केली म्हणजे कोणत्या शब्दांत केली? मी म्हणालो, ‘आणलंय?’ असे विचारले. ते म्हणाले, हा शब्द पंचनाम्यात मला दाखवा. तो तिथे नव्हता. मग त्यांनी मी टेबलापासून किती अंतरावर उभा होतो ते विचारले. मी तीन-चार फूट सांगितले. पंचनाम्यात ‘अंदाजे दहा फूट’ होते, आणि दहा फुटांवरून पुटपुटलेला एक शब्द ऐकू येत नाही हे सांगायला वकील लागत नाही. आरोपी सुटला. त्याला इतरही कारणे होती हे मला ठाऊक आहे, पण त्यांतले एक कारण मी होतो. लाचेच्या खटल्यात मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली आणि तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी अन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असेही सांगितले. हा अन्य पुरावा म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखा पंच आणि त्याने सही केलेला कागद.

या पार्श्वभूमीवर नातीने एके दिवशी फोन करून विचारले, “आजोबा, आमच्याकडे शनिवारी पंचनाम्याचं प्रॅक्टिकल आहे. साक्षीदार व्हायला कोणीतरी वयस्कर माणूस हवा आहे. तुम्ही याल का?” तेव्हा मी लगेच होकार दिला आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी धरून गेलो. पत्राचा मूळ विषय ती दुपार हाच असल्याने तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

तिसऱ्या मजल्यावरचा एक वर्ग घटनास्थळ म्हणून मांडला होता. एक खुर्ची उलटी, कपाटाचे दार उघडे, फरशीवर लाल शाईचे पाच-सहा थेंब आणि खिडकीशी फुटलेला पेला. शिकवायला एक निवृत्त पोलीस निरीक्षक होते. मुलांचे गट करून त्यांनी एकेका गटाला आत सोडले. पहिल्या गटाने टेबलापासून शाईच्या डागांपर्यंत फीत धरली आणि ‘टेबलापासून साडेचार फुटांवर रक्तसदृश डाग’ असे व्यवस्थित लिहिले. तो गट बाहेर गेल्यावर निरीक्षकांनी शिपायाला चहाचा ट्रे ठेवण्यासाठी टेबल भिंतीकडे सरकवायला सांगितले आणि काहीही न बोलता दुसऱ्या गटाला आत घेतले. त्यांचे अंतर सव्वासहा फूट आले. दोन्ही कागद फळ्यावर शेजारी-शेजारी लावले गेले तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती दोराच्या कसरतीने पसरली नसती. अंतर मोजायचे ते भिंत, दाराची चौकट, खांब अशा न हलणाऱ्या गोष्टींपासून आणि शक्यतो दोन ठिकाणांहून, हे नंतर एका वाक्यात सांगून झाले. ते वाक्य मुलांच्या कायमचे लक्षात राहिले असणार.

पेल्याचे तुकडे एका मुलाने पाकिटात घातले, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि पाकिटावर आपले नाव लिहिले. निरीक्षकांनी ती पट्टी नखाने अलगद उचलली, एक तुकडा बाहेर काढला, पट्टी पुन्हा बसवली आणि पाकीट परत केले. पाकीट उघडल्याची खूण कुठेच नव्हती. सही पट्टीच्या कडेवरून पाकिटावर उतरलेली असावी, लाखेचा शिक्का असावा, लेबलवर पंचांच्या सह्या असाव्यात, या सगळ्याचा अर्थ तेव्हा मुलांना कळला. मुद्देमाल ठाण्यातून प्रयोगशाळेत आणि तिथून न्यायालयात जाईपर्यंत कितीतरी हातांतून जातो. त्यांतल्या एका हाताची नोंद राहून गेली तरी बचाव पक्षाला तेवढी फट पुरते.

त्यानंतर माझी पाळी आली. मी साक्षीदार होतो आणि एक चुणचुणीत मुलगा माझा जबाब घेत होता. मी ठरल्याप्रमाणे सांगितले, “तो माणूस झोकांड्या खात जिना उतरत होता.” मुलाने लिहिले, ‘सदर इसम मद्यधुंद अवस्थेत जिन्यावरून खाली येताना मी समक्ष पाहिला.’ मी त्याला विचारले, अरे, तो प्यायला होता असे मी कधी म्हणालो? त्याला चक्कर आली असेल, पाय मुरगळला असेल. मुलगा गोंधळून म्हणाला, “पण पोलीस असंच लिहितात ना?” या एका प्रश्नात मला माझी १९९८ सालची रात्र पुन्हा दिसली. ‘आणलंय?’चे ‘स्पष्ट मागणी’ होते, झोकांड्यांचे ‘मद्यधुंद’ होते आणि वर्षानुवर्षांनी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडी घातलेली भाषा त्याला स्वतःलाच ओळखू येत नाही. दप्तरी मराठीशी माझे वैर नाही. ‘मजकूर’, ‘नमूद’, ‘इसम’ हे शब्द मी स्वतः नोकरीभर वापरले आणि त्यांनी वाक्य आटोपशीर होते हेही खरे. टिपण लिहायला ती भाषा ठीक आहे, दुसऱ्याचे बोलणे उतरवायला ती उपयोगाची नाही.

जबाब लिहून झाल्यावर त्या मुलाने कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली. निरीक्षक हसले, कारण आम्ही दोघेही चुकलो होतो. फिर्याद लिहून घेतली की तिच्यावर फिर्यादीची सही हवी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र त्याची सही घ्यायची नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६२ मध्ये होते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १८१ मध्ये आहे. तीन महिने पुस्तकातून कलमे वाचलेल्या वीस-बावीस मुलांपैकी एकालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती आणि त्या दुपारनंतर एकही ती विसरणार नाही.

आता माझी खरी हरकत सांगतो. या अभ्यासक्रमात कवायत आणि शारीरिक सरावाला दर शनिवारी दोन तास आहेत. पंचनाम्याला संपूर्ण सत्रात ही एकच दुपार होती. उलटतपासणीला एकही नाही. याचे कारण उघड आहे. आपल्याकडे ‘पोलीस प्रशिक्षण’ म्हटले की डोळ्यांपुढे भरती येते. भरतीच्या दिवसांत ठाण्यातल्या साकेतच्या मैदानावर पहाटेपासून रांगा लागतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावायचे असते, गोळाफेक असते, मैदानी चाचणीला पन्नास आणि लेखी परीक्षेला शंभर गुण असतात आणि लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व मराठी व्याकरण विचारतात. बारावी झालेल्या मुलांसाठी ही चाचणी आहे आणि त्यांच्यासाठी ती योग्यही असेल. नोकरी लागल्यावर कवायत आणि शस्त्र शिकवायला सरकारची प्रशिक्षण केंद्रे आहेत, अधिकाऱ्यांसाठी नाशिकची अकादमी आहे. महाविद्यालयाने त्यांची छोटी नक्कल कशासाठी काढायची? तिथे जे शिकवायला सवड मिळत नाही ते शिकवण्यासाठी महाविद्यालयाजवळ वेळ, वर्ग आणि चुका करण्याची मुभा आहे. खऱ्या गुन्ह्यात टेबल सरकवून पाहता येत नाही.

परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडे हौस असते म्हणून तेही पाहावे. अमेरिकेत बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ साली तिथल्या विद्यापीठात पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पोलिसाला लाठीइतकेच शास्त्र कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मिनेसोटा राज्यात पोलीस होण्यासाठी साधारणपणे किमान दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी लागते आणि प्रात्यक्षिक कौशल्येही अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून शिकवली जातात. आपल्याकडेही हे अगदी नवे नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र कित्येक दशके शिकवले जात आहे, गांधीनगरला २०२० पासून राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पोलीस ठाण्यात काम पाहायला पाठवण्याची केंद्राची एक योजनाही निघाली आहे. मात्र हे सगळे त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे आणि माझे म्हणणे त्यापलीकडचे आहे.

पंच होण्याची वेळ कोणावरही येते. घराची वा जागेची झडती घेताना त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०३ सांगते आणि लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे माझ्या नातीच्या वर्गातील जी मुलगी पुढे बँकेत लागेल, जो मुलगा वाशीच्या बाजारात वडिलांचा गाळा चालवील, त्यांच्यावरही ही वेळ येऊ शकते. पोलीस होणारे त्या वर्गात दोन-तीन निघतील. साक्षीदार, फिर्यादी किंवा पंच होण्याची शक्यता सगळ्यांची आहे. म्हणूनच हा सराव पोलीस भरतीच्या वाटेवरच्या मुलांपुरता न ठेवता कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला असावा.

यावर एक आक्षेप मला घरातच ऐकायला मिळाला. जावई म्हणाले, आता सगळ्याचे व्हिडिओ चित्रीकरण होते, पंचनाम्याचे महत्त्व राहिले कुठे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करावे लागते, हे खरे आहे. पण जप्त वस्तूंची यादी तयार करणे आणि तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होणे, याचेही चित्रीकरण त्यात अपेक्षित आहे. म्हणजे कागद गेलेला नाही, कागद कसा तयार झाला हे पाहणारा एक डोळा वाढला आहे. वर ती फाईल न्यायालयात दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण, लिहावी लागते. हेही वर्गात शिकवायला एक पैसा लागत नाही. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात एक मजकूर टाइप करून त्याची हॅश व्हॅल्यू काढावी, मग एका स्वल्पविरामाचा पूर्णविराम करून ती पुन्हा काढावी. अक्षरे-आकड्यांची ती लांबलचक ओळ पार बदललेली दिसते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असेही नवी संहिता कलम १७६ मध्ये सांगते. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत जागा जशीच्या तशी राखणारा मात्र बीटवरचा शिपाईच असतो, किंवा सोसायटीचा सचिव.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमांत ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला, श्रेयांक मिळू लागले आहेत. ते तास कुठे घालवायचे हा महाविद्यालयांपुढचा नित्याचा प्रश्न आहे आणि पुष्कळ मुले कुठल्यातरी कार्यालयात झेरॉक्स काढून ते भरतात. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या न्यायालयात फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात. गुप्तपणे चालवायचे खटले सोडले तर मागच्या बाकावर शांत बसून ऐकायला कोणालाही मनाई नाही. विद्यार्थ्यांनी आठ दिवस तिथे बसावे, एका पंचाची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाने घेतलेली साक्ष) आणि उलटतपासणी ऐकावी आणि त्याची साक्ष कोणत्या वाक्याला सैल झाली याची नोंद वहीत करावी. शिकवायला माणसे शोधायला लांब जायला नको. तपास अधिकाऱ्याचा ‘रायटर’ म्हणून ज्यांनी आयुष्यभर जबाब आणि पंचनामे लिहिले असे निवृत्त हवालदार, मुद्देमाल सांभाळलेले कारकून, निवृत्त सरकारी वकील ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून शाल-श्रीफळ न देता नियमित तास आणि तासाचे मानधन द्यावे.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहायला हवे. विद्यार्थी पोलीस ठाण्यात बसतील तेव्हा त्यांच्या कानांवर खऱ्या माणसांची दुःखे पडणार आहेत. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, म्हणून मोबाइल बाहेर ठेवूनच मुलांना आत पाठवावे. खोलीत ‘सेल्फी’ निघाली तर जबाबदारी महाविद्यालयाची. दुसरे असे की, प्रशिक्षण घेतलेल्या मुलांची यादी करून ती पंच म्हणून पोलिसांना उपलब्ध करून द्यावी, अशी सूचना त्या दुपारी एका उत्साही प्राध्यापकांनी मांडली. हेतू चांगला असला तरी मला ती पटली नाही. तोच माणूस पाच पंचनाम्यांत दिसला की तो सराईत पंच ठरतो आणि त्याच्या शब्दाची किंमत जाते. शिकलेला पंच हवा, पण तो त्या गल्लीत योगायोगाने सापडलेला असावा.

पुढच्या महिन्यात याच वर्गात उलटतपासणीचा सराव ठेवायचे निरीक्षकांनी मनावर घेतले आहे. वेळापत्रकात जागा नसल्याने तो कवायतीच्या दोन तासांत बसवला जाणार आहे. मला पुन्हा साक्षीदार म्हणून बोलावले आहे आणि नात बचाव पक्षाची वकील होणार आहे. ती मला सोडणार नाही असे आत्ताच सांगून ठेवते आहे. मी होकार कळवला आहे. एकच अट घातली आहे. माझा जबाब लिहिणाऱ्या मुलाने तो मला पूर्ण वाचून दाखवावा आणि ‘झोकांड्या’ हा शब्द तसाच ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी
चरई, ठाणे (पश्चिम)